शाळेसमोरचा रस्ता : आधी मोजा, मग मागा



गटाच्या बैठकीत कुणी म्हणालं, "माझा हप्ता भरलाय", तर आपण काय करतो? वही उघडतो. नोंद असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर वाद. शाळेसमोरच्या रस्त्याचंही तसंच आहे. "गाड्या लई जोरात जातात हो" हे आपण सगळ्याच म्हणतो. पण साहेब विचारतात, किती जोरात? किती वाजता? तिथे आपण गप्प होतो. म्हणून या वेळचा धडा रस्त्याच्या वहीचा.

पुणे शहरापासून सुरुवात करू. पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेला असाल, तर तिथलं नूतन मराठी विद्यालय पाहिलं असेल. शाळा १८८३ साली स्थापन झाली, तेव्हा पुण्यात मोटार कुणी पाहिलीही नव्हती. आज शाळा सुटायच्या वेळी शहरातल्या अशा कुठल्याही जुन्या भागात उभ्या राहा. रिक्षा, स्कूटर, व्हॅन आणि मधून वाट काढणारी पोरं. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारलं, म्हणजे रस्ता आखताना चालणाऱ्याचा विचार आधी. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. पण धोरण कागदावर असतं. शाळेच्या फाटकासमोर रोज काय चालतं, ते तिथे रोज जाणाऱ्या आईलाच ठाऊक.

पुण्यात 'अर्बन ९५' नावाचा उपक्रमही झाला. ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची साधारण उंची. तेवढ्या उंचीवरून गाव कसं दिसतं ते बघा, एवढंच त्याचं म्हणणं. हे तुम्ही आजच करून बघा. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसा. समोर उभी असलेली गाडी भिंतीसारखी वाटते, पलीकडचं काही दिसत नाही. आणि पलीकडून येणाऱ्या ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही.

आता मोजणी. लागतं काय, तर एक वही, खडू आणि मोबाईलमधलं घड्याळ. रस्त्याच्या कडेला २५ मीटरवर दोन खुणा करा. टेप नसेल तर तीन नऊवारी एकापुढे एक लावा, जवळपास तेवढंच भरतं. (जाऊबाईंची चांगली साडी नका नेऊ, धुळीत लोळवायची आहे. आणि अंतर मोजायचं ते रस्ता मोकळा असताना.) गाडीने पहिली खूण ओलांडली की घड्याळ सुरू, दुसरी ओलांडली की बंद. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. दोन सेकंद लागले तर ४५. जिथे मुलं आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० च्या वर वेग नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तीन सेकंदांच्या आत गेलेली प्रत्येक गाडी वहीत वेगळी लिहायची.

का, ते साडीवरूनच समजून घ्या. ताशी ३० ने गाडी एका सेकंदात एक नऊवारी पुढे जाते, ६० ने दोन. पोर आडवं आलेलं दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. गाडी थांबायला लागते ती त्यानंतर.

शाळा भरतानाचा अर्धा तास आणि सुटतानाचा अर्धा तास, आठवडाभर मोजा. दोघीदोघींची पाळी लावा. एकीने घड्याळ बघायचं, दुसरीने लिहायचं. किती मुलं एकटी ओलांडतात, पट्ट्यांवर कोण गाडी लावतं, हेही लिहा. रस्त्यात उतरून गाड्या अडवायच्या नाहीत. तो अधिकार पोलिसांचा, आणि जीव आपला.

एक कडू गोष्ट आधीच सांगते. पट्ट्यांवर उभ्या असलेल्या पुष्कळ स्कूटर पालकांच्याच निघतील, आपल्याही. आणि सोळा वर्षांचा पोरगा धाकट्या बहिणीला मोटारसायकलवर सोडताना दिसेल, तो कदाचित गटातल्याच एखाद्या ताईचा असेल. तरी लिहायचं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या ताईला एकटीला गाठून हे सांगा, सगळ्यांसमोर नको.

वही द्यायची कुणाला? पहिल्यांदा शाळा व्यवस्थापन समितीला. शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी तिथे असणारच. शाळेत बस किंवा व्हॅन येत असेल, तर २०११ च्या राज्य नियमांप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीही हवी. तिच्यात वाहतूक पोलीस असतात. ती आहे का, शेवटची कधी बसली, हे विचारा. मग अर्ज. शहरात महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक शाखा, गावात ग्रामसभा, रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर तिकडे. अर्जाला वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.

मागणी नेमकी ठेवा : इथे पट्टे, इथे गतिरोधक, या वेळेत इथे गाड्या लावायला बंदी. काम झालं की त्याच खुणांवर, त्याच वेळेला पुन्हा आठवडाभर मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून महासंघाच्या बैठकीला घेऊन या.