सोन्याच्या गावचा फौजदार

अमेरिकेत मोंटाना नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १८६२ च्या जुलै महिन्यात तिथे एका ओढ्याच्या वाळूत सोने सापडले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. माणसे घोड्यावरून, गाड्यांतून, पायी आली आणि बॅनक नावाचे गाव वसले. पुढच्या वर्षी, मे १८६३ मध्ये, शंभराहून अधिक किलोमीटर दूर आल्डर नावाच्या घळीत याहून मोठा साठा सापडला. तिथे व्हर्जिनिया सिटी उभी राहिली.

या गावांत सोन्याची भुकटी हाच पैसा. माणूस ती पिशवीत बांधून बाजारात जाई. दुकानदार काट्यावर चिमूटभर तोलून घेई, की मिळाले पीठ-मीठ. आता बघा, चोरीचा बैल खुणेवरून ओळखता येतो. भुकटी कशी ओळखणार? तिच्यावर कुणाचे नाव नसते. त्यात दोन गावांमधली वाट निर्जन. सोने घेऊन निघालेला माणूस लुटला जाई, कधी जिवालाही मुके. दाद कुठे मागायची? सरकार होते डोंगरापलीकडे, कित्येक दिवसांच्या वाटेवर.

म्हणून बॅनकच्या लोकांनी मते देऊन आपला शेरीफ निवडला. शेरीफ म्हणजे आपल्याकडचा फौजदारच म्हणा. त्याचे नाव हेन्री प्लमर. निवड झाली २४ मे १८६३ रोजी. बोलणे गोड, राहणी टापटिपीची. पूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका खाणगावात तो असाच अधिकारी होता. तिथे एका माणसाला मारल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती, आणि आजारपणामुळे माफी मिळून १८५९ साली तो सुटला होता. अशा माणसाला मते कशी पडली? आम्हांला याचे फारसे नवल वाटत नाही. जिथे सगळेच परमुलखातून आलेले, तिथे कोण कुणाचे मागचे विचारतो!

पण लूटमार थांबेना. कुणापाशी सोने आहे, तो कधी निघणार, हे लुटारूंना आधीच कसे कळते? लोक कुजबुजू लागले, कुंपणच शेत खात असेल का?

डिसेंबर १८६३ मध्ये निकोलस टीबोल्ट नावाच्या तरुणाचे प्रेत सापडले. तो मालकाची खेचरे आणायला गेला होता. जॉर्ज आइव्हज याच्यावर आळ आला. त्याचा खटला उघड्यावर, थंडीत, शेकडो खाणवाल्यांसमोर तीन दिवस चालला. दोन्ही बाजूंना वकील होते, साक्षी झाल्या, पंच बसले. २१ डिसेंबरला त्याला फाशी दिली. घाई झाली असेल, पण जे झाले ते चारचौघांत झाले.

पुढचे मात्र चारचौघांत झाले नाही. दोनच दिवसांनी काही जणांनी शपथ घेऊन गुप्त मंडळी बनवली. त्यांनी येगर नावाच्या माणसाला पकडले. त्याने टोळीतली म्हणून नावे सांगितली, ती कागदावर उतरली. मग ४ जानेवारी १८६४ रोजी येगरलाच झाडाला लटकावले. म्हणजे उलटतपासणी करायला साक्षीदार उरला नाही, उरला तो कागद. त्या कागदावर प्लमरचे नाव होते.

१० जानेवारीला मंडळींनी प्लमरला आणि त्याच्या दोन हवालदारांना उचलले. प्लमरनेच पूर्वी उभारून घेतलेल्या फासावर तिघांना चढवले. खटला नाही, वकील नाही. चार दिवसांनी व्हर्जिनिया सिटीत एकाच तुळईला पाच जण लटकले. महिन्याभरात वीसएक माणसे गेली.

वाटा पुष्कळ निर्धास्त झाल्या, हे खरे. बायकामुलांचे धनी सुखरूप घरी पोचू लागले. त्या लोकांना दोष देताना हेही ध्यानात घ्यावे. पण दोर एकदा हाती आला की सहजी सुटत नाही. १० मार्चला जॅक स्लेड याला फाशी दिली. त्याने त्या गावात खून केला नव्हता. दारू पिऊन धिंगाणा घालायचा, दुकाने मोडायचा, एवढेच. त्याची बायको घोडा फेकीत आली, तोवर सारे संपले होते.

मे १८६४ मध्ये मोंटानाचा वेगळा कारभार सुरू झाला. वर्षअखेर न्यायाधीश हॉस्मर आले, हॉटेलच्या जेवणघरात कोर्ट भरले. आता न्याय कोर्टच करील, मंडळींनी थांबावे, असे त्यांनी बजावले. तरी काही वर्षे फाशा चालूच राहिल्या.

आणि प्लमर? खरोखर टोळीचा नायक होता का? मंडळींची बाजू घेणाऱ्या डिम्सडेल यांचे पुस्तक १८६६ साली निघाले. त्यात टोळीने शंभरावर माणसे मारल्याचे लिहिले आहे. पुढच्या अभ्यासकांना एवढे खून सापडले नाहीत. प्लमरची बाजू लिहायला कोणी नव्हते. १९९३ साली व्हर्जिनिया सिटीत त्याच्यावर नाटकी खटला भरवला. बारा पंच बसले. सहा म्हणाले दोषी, सहा म्हणाले निर्दोष.