सोपे करणे आणि सावकाश करणे : गिटार शिकविणाऱ्या एका खेळाचा विचार

तंतुवाद्य शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास पहिले दोन-तीन महिने फार कठीण जातात, हे संगीत शिकविणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे. गिटार हे वाद्य त्यास अपवाद नाही. त्याला सहा तारा असतात व तारांखाली दांडीवर धातूचे पडदे असतात. सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारीचे मात्र पक्के बसविलेले असतात. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबावयाच्या आणि उजव्या हाताने छेडावयाच्या. दाबून दाबून बोटांची टोके हुळहुळतात, एका स्वरमेळावरून दुसऱ्यावर जाताना बोटे अडखळतात, आणि जे वाजते ते ऐकलेल्या गीतासारखे मुळीच वाटत नाही. याच टप्प्यावर पुष्कळांची गिटार कोपऱ्यात जाऊन पडते.

या अडचणीतून वाट काढण्याचा एक निराळा प्रयत्न यूबिसॉफ्ट या कंपनीने २०११ मध्ये केला. ‘रॉकस्मिथ’ नावाचा व्हिडिओ गेम तिने काढला. तत्पूर्वी २००५ मध्ये निघालेला ‘गिटार हिरो’ हा खेळ अतिशय लोकप्रिय झाला होता. परंतु त्यातील गिटार प्लॅस्टिकची, आणि तिला तारांऐवजी पाच रंगीत बटणे व एक खटका. त्या खेळात तरबेज झालेल्या मुलाच्या हाती खरी गिटार दिल्यास त्यास लयीची थोडीफार जाण उपयोगी पडेल; बोटांना मात्र आरंभापासूनच शिकावे लागेल. रॉकस्मिथमध्ये खरी विजेची गिटार लागते. एका विशिष्ट तारेने ती संगणकास जोडतात, आणि विद्यार्थ्याने कोणता स्वर केव्हा वाजविला हे यंत्र ऐकते.

समोरच्या काचेवर गिटारीच्या दांडीचे चित्र असते. दुरून रंगीत ठोकळे पुढे सरकत येतात. ठोकळ्याच्या रंगावरून तार ओळखावयाची, जागेवरून पडदा ओळखावयाचा, आणि ठोकळा जवळ येऊन ठेपताच ती तार छेडावयाची. मागे मूळ गीत चालू असते. बरोबर वाजले तर गुण मिळतात.

शिक्षकांच्या दृष्टीने या खेळातील खरी विचारणीय गोष्ट पुढेच आहे. कठीण गीत नवशिक्यास झेपावे म्हणून हा खेळ दोन उपाय योजतो, आणि ते दोन्ही उपाय आपल्या वर्गांतही नित्य योजले जातात. पहिला उपाय गाळण्याचा. गीत मूळ गतीनेच चालते. पण दहा स्वरांपैकी दोन किंवा तीनच विद्यार्थ्यापुढे ठेवले जातात. ते साधले की आणखी स्वर येतात. चुका वाढल्या की ते निमूटपणे कमी होतात. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. मुलाला पुरे गीत वाजविल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो, आणि वाद्य सोडून देण्याची पाळी टळते. हे यश लहान नव्हे.

तथापि या उपायात एक दोष दडलेला आहे. तीनच स्वर वाजवावयाचे असता बोटे जिथे सोयीचे वाटेल तिथे जाऊन बसतात. उरलेले सात स्वर आले म्हणजे तीच बोटे अडचणीची ठरतात. मग लागलेली सवय मोडून नवी लावावी लागते, आणि मोडण्यास लावण्याहून अधिक श्रम पडतात. दुसरा उपाय सावकाशीचा आहे. त्यात गीताचा लहानसा तुकडा निवडावयाचा, सर्व स्वर जागच्या जागी ठेवावयाचे, आणि गती तेवढी कमी करावयाची. तुकडा पुन्हा पुन्हा येतो. साधला की गती थोडी वाढते. येथे आनंद उशिरा मिळतो, पण बोटे पहिल्यापासून खऱ्या मार्गाने चालतात.

वर्गात जोडाक्षरे न वाचता येणाऱ्या मुलासाठी पुष्कळदा जोडाक्षरे नसलेलाच मजकूर निवडला जातो. चार दिवस ते योग्य आहे, कारण वाचता येते हा धीर मुलाला हवाच असतो. महिनोन् महिने तसेच चालले तर मात्र मूल जोडाक्षर दिसताच अंदाजाने शब्द ठोकून देऊ लागते. त्यास दोनच वाक्ये, पण जोडाक्षरांसह, बोट ठेवून सावकाश वाचावयास देणे अधिक हिताचे. पाढ्यांचेही तसेच. पहिला उपाय उत्साहासाठी आणि दुसरा शिक्षणासाठी, असा विवेक शिक्षकाने करावा. यंत्र तो आपण होऊन करीत नाही. कोणता तुकडा निवडावा हे अखेर विद्यार्थीच ठरवितो, आणि मुले बहुधा येणारा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवीत बसतात.

२०१३ मध्ये निघालेल्या पुढील आवृत्तीत आणखी एक सोय आहे. एखादा भाग पक्का झाला की काचेवरील ठोकळे पुसट होत होत नाहीसे होतात, आणि विद्यार्थ्याला तो स्मरणाने वाजवावा लागतो. फळ्यावर कविता लिहून तिचा एकेक शब्द पुसत जाण्याची रीत ज्या शिक्षकांनी वापरली आहे, त्यांस यात नवे काही वाटणार नाही.

आता यंत्राची मर्यादा. ते ऐकते, पाहत नाही. अंगठा दांडीमागे कसा टेकला आहे, मनगट वाकडे झाले आहे काय, खांदा उचललेला आहे काय, यांपैकी काहीही त्यास कळत नाही. स्वर बरोबर आला की शाबासकी मिळते, मग हात कितीही अवघडलेला असो. अशा शाबासकीने चुकीची ठेवण घट्ट होते व पुढे मनगट दुखू लागते. ज्यास शिक्षक लाभत नाही त्याने निदान आरसा समोर ठेवून बसावे. दुसरी अडचण यंत्रजोडणीची आहे. काही दूरचित्रवाणी संचांतून आवाज किंचित उशिरा बाहेर पडतो, आणि छेडलेली तार क्षणभराने ऐकू आल्यास लय बिघडते. म्हणून आवाजाची जोडणी संचातून न करता वेगळी करणे इष्ट असते.

गुणांचा मोह हाही लक्षात घ्यावा. मूल ठोकळ्यांकडे पाहत राहते आणि आपल्या हातून निघणाऱ्या नादाकडे त्याचे कान नसतात. यावर सोपा इलाज असा की, दर बैठकीच्या शेवटी पाच-दहा मिनिटे यंत्र बंद करून तोच तुकडा केवळ पायाने ठेका धरून वाजवावा, आणि वाजविताना तो तोंडाने गुणगुणावा.