एरियलविषयी पुतण्यास पत्र

निपाणी,
चैत्र वद्य पंचमी

चिरंजीव सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. संगणकाला जोडलेल्या त्या लहानशा रेडिओ-डोंगलातून खरखरीखेरीज काही निघत नाही, सबब दुबईहून सुटीवर येणाऱ्या मित्राकरवी मोठ्या किमतीचा रेडिओ स्कॅनर मागवावा असा तुझा मनोदय आहे, आणि त्या खर्चास तुझ्या वडिलांची मंजुरी मिळावी म्हणून मी रदबदली करावी, एवढा त्या चार पानांचा मथितार्थ. रदबदली मी करणार नाही. तुझी हौस मला नापसंत आहे असे मुळीच नाही. परंतु तू वर्णन केलेल्या लक्षणांवरून दोष यंत्राचा नसून त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही हा आहे, आणि दहापट किमतीचे यंत्र आणून त्याच खोलीत, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, त्याच वीतभर दांडीला जोडलेस तर तुला तीच खरखर अधिक स्वच्छ ऐकू येईल. खर्च करावयाचाच तर तो एरियलवर, तिच्या उंचीवर आणि तिथून खाली येणाऱ्या तारेवर करावा, हे माझे मत. आणि ते का, हे सविस्तर लिहितो.

आपल्या भागातील आधीच्या पिढीला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती. १९५२ साली डॉ. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, त्यांच्या अभिरुचीपायी चित्रपटगीतांस आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झाले, आणि त्याच साली सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू झाली. तेव्हा ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांनी माडीच्या वाशापासून परसातल्या नारळापर्यंत तांब्याची तार ताणली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोळे अडकवले, आणि सिलोन आपल्या आग्नेयेस किंचित दक्षिणेकडे, म्हणून तार साधारण पूर्व-पश्चिम असावी, ही खबरदारीही घेतली. आडवी तार आपल्या बाजूंकडून येणारे अधिक घेते आणि टोकांकडून येणारे कमी, हे तत्त्व त्यांना ग्रंथातून ठाऊक नसेल. अनुभवाने ठाऊक होते. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली तेव्हा त्या तारांची निकड कमी झाली, तरी पुष्कळ घरांवर त्या नंतरही लोंबत राहिल्या, आणि टपालकचेरीत दरसाल रेडिओच्या परवान्याचे नूतनीकरण करून आणण्याचे काम घरातल्या एखाद्या पोराकडे लागलेलेच असे.

तुम्हा बेळगावकरांची अडचण निराळीच असे. धारवाडचे ७६५ किलोहर्ट्झवरचे प्रक्षेपण २०० किलोवॅटचे, आणि अंतर अवघे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. त्यामुळे पुण्याचे ७९२ लावू जाणाऱ्याच्या साध्या ट्रान्झिस्टरमध्ये मराठी बातम्यांच्या पाठीमागे कानडी बोलणे घुमत राही. त्यावर उपाय फुकटचा होता. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते, आणि त्या कांडीचे टोक ज्या दिशेकडे रोखावे त्या दिशेचे तिला ऐकू येत नाही. धारवाड बेळगावच्या आग्नेयेस आणि पुणे जवळजवळ उत्तरेस, तेव्हा संच हळूहळू फिरवून कांडीचे टोक धारवाडकडे करावे, की कानडी आवाज विरत जाई आणि पुणे बरेचसे शाबूत राही. हे मी तुला एवढ्यासाठी सांगतो की एरियल हे केवळ ग्रहणाचे साधन नव्हे, ते नकाराचेही साधन आहे. आणि संचाच्या जाहिरातीत या दुसऱ्या गुणाविषयी सहसा अवाक्षर नसते.

आता तुझ्या स्कॅनरच्या मुलखाकडे वळू. शंभर मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरी मध्यम लहरींप्रमाणे जमिनीला धरून दूरवर जात नाहीत. त्या बहुतांशी दृष्टिरेषेने चालतात. त्यांचे क्षितिज काढण्याची रीत सोपी आहे: एरियलची उंची मीटरात घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१ ने गुणावे, म्हणजे सपाट मुलखातले अंतर किलोमीटरात मिळते. चार मीटर उंचीला आठ किलोमीटर, नऊ मीटरला बारा. त्यात समोरच्या मनोऱ्याचे क्षितिज मिळवावे, जे मनोरा शंभर मीटरचा असल्यास एक्केचाळीस होते. मला इथे माडीवर कोल्हापूरचे १०२.७ सहज लागते, कारण कोल्हापूर इथून चाळीसच किलोमीटर आहे; तुला ते का लागत नाही म्हणून तू कष्टी आहेस, पण तुझ्यापासून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर असून मध्ये तवंदी घाट आडवा आहे. सीमावादातली महाजन आयोगाची रेषा लहरींना बंधनकारक नाही, घाटाची आहे. तेव्हा कोल्हापूरचा नाद सोड, आणि गावातच ९०.४ वर केएलई संस्थेचे वेणुध्वनी केंद्र आहे त्याच्यावरून आपल्या एरियलची परीक्षा घेत जा.

वर्गमुळाचा हिशेब आणखीही एक गोष्ट सांगतो. चारवरून नऊ मीटरवर गेलास तर क्षितिज दीडपट होते. नऊवरून सोळावर जाण्यास सात मीटर चढावे लागते आणि लाभ मात्र एक तृतीयांशाचाच. तुमची गच्ची सुमारे सहा मीटर उंच असेल, तीवर तीन मीटरची नळी पुरे. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या आणि जिन्याच्या खोल्या यांच्यावर एरियलचे डोके निघाले पाहिजे, हा दंडक मात्र सोडू नये.

एरियल विकत आणू नकोस. तुमच्या गल्लीत अजून निदान चार-पाच घरांवर दूरदर्शनची जुनी एरियल गंजलेल्या खांबाला वाकून उभी असेल. तिचे मालक ती आनंदाने देतील. तिच्या आडव्या ॲल्युमिनियमच्या कांड्या साधारण पाऊण मीटरच्या असतात, आणि तुला त्याहून आखूड हव्यात. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे म्हणजे लहरीची लांबी मीटरात येते; १४५ मेगाहर्ट्झला ती २.०७ मीटर, तिचा चतुर्थांश बावन्न सेंटिमीटरच्या आत-बाहेर, आणि प्रत्यक्षात कांडी हिशेबाहून किंचित आखूड लागते म्हणून पाच टक्के वजा करता एकोणपन्नास. एकोणपन्नास सेंटिमीटरची एक कांडी ताठ उभी करावी, आणि तिच्या बुडाशी, तिला न चिकटवता, एक्कावन्न-बावन्न सेंटिमीटरच्या चार कांड्या चार दिशांना पंचेचाळीस अंशांनी खाली उतरत्या लावाव्यात. केबलचा मधला तांब्याचा गाभा उभ्या कांडीला आणि बाहेरची जाळी त्या चौघींना. ॲल्युमिनियमला साधा सोल्डर धरत नाही, म्हणून तिथे स्क्रू, वॉशर आणि घट्ट आवळणी. सोल्डर फक्त तांब्याच्या टॅगवर. उभ्या आणि उतरत्या कांड्यांमधील अंतर राखण्यास स्वयंपाकघरातल्या जुन्या प्लास्टिकच्या पोळपाटाचा तुकडा उत्तम, पण आईस विचारल्यावाचून घेऊ नये.

एवढे होईपर्यंत, हाती असलेल्या चुंबकी बुडाच्या दांडीचे ग्रहण आजच सुधारायचे असेल तर ती खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यावर, पत्र्यावर चिकटवून ठेव. तिला खालच्या धातूची गरज असते. लाकडी टेबलावर ती निम्म्याने पांगळी होते. डोंगलही थेट संगणकात न खोचता दोन हात लांबीच्या यूएसबी केबलने दूर ठेवावा, कारण संगणकाचीच कुरकूर त्याच्या कानी पहिल्यांदा पडते.

उंचीसाठी केलेली सारी खटपट केबलमध्ये वाया जाऊ शकते, आणि अनेकांची जाते. बारीक काळी आरजी-५८ नावाची केबल रेडिओवाल्यांच्या तोंडी फार आहे. वीस मीटर लांबीत १४५ मेगाहर्ट्झला ती रुपयातले सुमारे चाळीस पैसे खाली पोचवते, आणि ४५० मेगाहर्ट्झला जेमतेम वीस. केबल टीव्हीवाले वापरतात ती आरजी-६ तितक्याच लांबीत पहिल्या ठिकाणी पासष्ट आणि दुसऱ्या ठिकाणी पन्नासच्या आसपास पोचवते, शिवाय ती कोणत्याही दुकानात स्वस्त मिळते. कोणी तुला सांगेल की ती ७५ ओहमची आहे आणि तुझा संच ५० ओहमचा, म्हणून जोड जमणार नाही. प्रक्षेपण करणाऱ्यास या वादात काही अर्थ आहे. नुसते ऐकणाऱ्याच्या बाबतीत त्या तफावतीचा तोटा रुपयात सुमारे चार पैशांचाच. विवर्धकाविषयी एवढेच: लावायचाच तर तो वर, एरियलच्या बुडाशी लावावा, खाली संचापाशी लावलेला विवर्धक केबलने आधीच बिघडवलेले तेवढेच मोठे करतो, आणि जवळच्या प्रबळ केंद्रांनी संच गुदमरतो तो वेगळाच.

खरखरीचा निम्मा भाग आकाशातून येत नाही, घरातूनच येतो. एखाद्या संध्याकाळी लॅपटॉप बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद कर आणि काय फरक पडतो ते ऐक. नंतर एकेक वस्तू चालू करीत जा. मोबाइलचे स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांपैकी गुन्हेगार बहुधा तिथेच सापडतो. तुमच्या वडगावात यंत्रमागांच्या मोटारीही आहेत. त्यांच्यापुढे तुझा इलाज नाही, पण मागांची सुटी कधी असते ते तुला ठाऊकच आहे. वीज गेली की लोक चडफडतात. रेडिओ ऐकणाऱ्याने तो वेळ दवडू नये, कारण सारी गल्लीच तेव्हा गप्प असते.

बेळगावचा पाऊस तू जाणतोस, ॲल्युमिनियम जाणत नाही. केबलचा वरचा जोड उघडा राहिल्यास पाणी जाळीतून खाली झिरपत येते, तांबे काळे पडते आणि दिवाळीपर्यंत सगळी केबल फेकून द्यावी लागते. जोडाचे तोंड खाली ठेवून त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळ, आणि केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोल दे, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

यापुढचे मात्र सक्तीचे. वळवाचे दिवस तोंडावर आहेत. पश्चिमेला ढग काळवंडताच केबल संचातून काढून खिडकीबाहेर ठेवावी, आणि नळीला जाड तांब्याच्या तारेने स्वतंत्र अर्थिंग द्यावे. तेवढ्याने वीज टळेल असे नव्हे, केवळ घरातला अनर्थ कमी होईल. गच्चीजवळून हेस्कॉमच्या विजेच्या तारा जात असतील तर नळी पडली तरी त्यांना शिवणार नाही इतके अंतर राखावे, आणि नळी उभारताना वडील घरी असावेत. एकट्याने उभारलीस असे कानी आल्यास मी स्वतः येऊन ती उतरवीन.

आता तू पत्रात जे अर्धवट सूचित केले आहेस त्याविषयी. पोलिसांचे वा लष्कराचे बोलणे ऐकता येईल काय, असा प्रश्न तुझ्या मनात आहे. येत असले तरी ऐकावयाचे नाही. तुझ्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे. अशा शेजारात राहणाऱ्याने कुतूहलास लगाम घालणे हे सभ्यतेचे आणि शहाणपणाचेही आहे. बिनतारी यंत्र परवान्याविना बाळगणे १९३३ च्या कायद्याने गुन्हा होता आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही अधिकृत परवानगीवाचून बाळगता येत नाही. म्हणजे दुबईचा तो स्कॅनर मित्राच्या सामानात सापडल्यास जाब त्यालाही द्यावा लागेल आणि तुलाही. आकाशात ऐकण्याजोगे आणि निर्धास्तपणे ऐकण्याजोगे पुष्कळ आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये हौशी रेडिओवाले असतात, आणि १४५.८०० वर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक डोक्यावरून जाताना कधीकधी अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलतात. ते साऱ्या फेऱ्यांत घडत नाही, पण घडते तेव्हा तुझी ती एकोणपन्नास सेंटिमीटरची कांडी ते स्वच्छ देईल. ऐकून मन भरले नाही तर हौशी केंद्रचालकाची परीक्षा दे. वय बारा पूर्ण झाले की बसता येते, तुझे तर पॉलिटेक्निक सुरू आहे. खालच्या श्रेणीस मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीस लागते, आणि दोहोंपैकी कोणतीही मिळवलीस तर मी वडिलांपाशी रदबदली करीन, तीही आनंदाने.

पुढच्या पत्री गच्चीच्या कठड्यापासून तुझ्या खिडकीपर्यंतचे अंतर दोरीने मोजून कळव, म्हणजे केबल किती लागेल ते मी सांगीन. दोन मीटर जास्त धर, झोलाला लागतात. तीन मीटरची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी भंगारवाल्याकडून घेशील तर नगावर घेऊ नकोस, वजनावर घे.

तुझ्या आईस नमस्कार.

कळावे,
तुझा आप्पाकाका