दुर्बिणीची पकड

रायफलीवरील दुर्बीण कितीही उत्तम असली, तरी नेम टिकतो तो तळपट्टी व कड्यांच्या पकडीवर. दोन कड्यांत १०० मिलिमीटर अंतर असताना एक कडे ०.१ मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणून स्क्रूंवरील तेल पुसून ते आलटून-पालटून, सारख्याच जोराने आवळावेत. अति आवळल्यास दुर्बिणीची नळी दबते. नंतर लक्ष्यावर गोळ्या झाडून नेम पडताळावा.

चुकलेली गोळी जनावराला जखमी करून सोडते. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. त्यामुळेच ती नरभक्षक झाली, असे त्यांचे मत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये भारतात वाघाची शिकार निषिद्ध आहे. नरभक्षकापुरता अपवाद होतो, तेव्हा सैल स्क्रूला क्षमा नसते.