घरगुती सुतारकामासाठी राउटर

पटाशीने खाच पाडताना सुताराचा हात लाकडाच्या तंतूंची दिशा ओळखून चालतो. राउटर या यंत्रात तेच काम विजेवर गरगर फिरणारे पाते करते. म्हणून ते निवडताना प्रथम पाहावयाची ती अश्वशक्ती नव्हे, तर वेगावरील नियंत्रण.

याचे कारण साध्या गणिताने कळते. यंत्र मिनिटाला २४,००० फेरे घेत असेल, तर ६ मिलिमीटर व्यासाच्या पात्याची धार सेकंदाला सुमारे साडेसात मीटर धावते. तेथेच ५० मिलिमीटरचे पाते बसविल्यास धारेचा वेग सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी २२६ किलोमीटर होतो! अशा पात्यासाठी फेरे १०,००० च्या आसपास उतरविता आले पाहिजेत. ही सोय नसलेल्या यंत्राला मोठे पाते लावूच नये.

दुसरी गोष्ट पात्याच्या दांड्याची. लांबी तीच असता १२ मिलिमीटरचा दांडा ६ मिलिमीटरच्या दांड्यापेक्षा वाकण्यास सोळापट विरोध करतो. अर्थात कडा गोल करणे, उथळ खोबण पाडणे एवढ्यासाठी लहान, हलके यंत्र पुरते. परंतु दांडा पकडणाऱ्या कोलेटचे माप तंतोतंत जुळावे. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचा दांडा जवळजवळ बसतो, आणि हे ‘जवळजवळ’च घातक! ऐन कामात तो निसटू शकतो.

फळीच्या मध्यभागी खाच घ्यावयाची असेल, तर फिरते पाते वरून खाली उतरविता येणारी बैठक हवी.

खरेदीपूर्वी यंत्र दोन्ही हातांनी धरून पाहावे. मुठी न सोडता बटण बंद करता येत नसेल, तर ते दुकानातच ठेवावे.