सातारच्या शाळेतील एक नोंद

शाळेचा इतिहास सहसा तिच्या इमारतींवरून, निकालांवरून आणि नामवंत विद्यार्थ्यांवरून सांगितला जातो. सातारच्या प्रतापसिंह हायस्कूलचा इतिहास मात्र नोंदवहीतील एका ओळीपासून सांगावा लागतो.

ही शाळा त्या काळी ‘सातारा गव्हर्नमेंट हायस्कूल’ म्हणून ओळखली जाई व राजवाड्यात भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव तेथे इंग्रजी पहिलीत घातले. नोंदवहीत १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. शाळेने ती नोंदवही आजही जपून ठेवली आहे.

अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलाचे नाव सरकारी शाळेत दाखल होणे ही सहज घडलेली गोष्ट नव्हती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे दाद मागितली आणि त्या अर्जाने सत्ताधाऱ्यांपुढे मोठा प्रश्न उभा केला. अखेर १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या मुलांना खुल्या राहतील. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी सातारची ती नोंद झाली. एका अनाम विद्यार्थ्याच्या अर्जाचे ऋण तिच्यामागे आहे, हे आपण विसरता कामा नये.

परंतु दार उघडले म्हणून वर्ग उघडला असे झाले नाही. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत सातारच्या शाळकरी दिवसांचे वर्णन केले आहे. इतर मुलांत त्यांना बसता येत नसे. कोपऱ्यात बसण्यासाठी वेगळे गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व सकाळी परत आणावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. नोंदवहीत त्यांचे नाव इतरांच्या बरोबरीने होते, वर्गात मात्र त्यांची जागा निराळी होती. सरकारी हुकूम आणि समाजाचे मन यांतील अंतर त्या एका गोणपाटाएवढे होते.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसमारंभात गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शाळेने अक्षर दिले आणि त्या ग्रंथाने समतेच्या विचाराची ओळख करून दिली.

गोणपाटावर बसलेल्या त्या विद्यार्थ्याने पुढे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. केवळ प्रवेश पुरेसा नाही. राहण्याची सोय, पोटभर अन्न आणि सन्मानाची जागा मिळाली तरच गरिबाचे मूल शिकते, हा अनुभव या कार्याच्या मुळाशी होता.

२०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. निवासी शाळेत राहणाऱ्या आपणा सर्वांना त्या दिवसाचा अर्थ अधिक जवळचा आहे. आपण एकाच पंगतीत जेवतो, एकाच माठातले पाणी पितो आणि एकाच सतरंजीवर बसून त्रिशरण म्हणतो. हे आपल्याला नित्याचे वाटते. सातारच्या त्या मुलाला ते मिळाले नव्हते. म्हणून नवा विद्यार्थी शाळेत येईल तेव्हा नोंदवहीत त्याचे नाव लिहून आपले काम संपले असे मानू नये. त्याला आपल्या शेजारी जागा करून द्यावी. प्रवेश खऱ्या अर्थाने तेव्हाच पूर्ण होतो.