आंतरतारकीय

रात्री आकाशातील तारे जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून फार दूर असतात. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर सुमारे आठ मिनिटांत पोचतो. पण सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. ताऱ्यांच्या दरम्यानच्या या जागेला 'आंतरतारकीय अवकाश' म्हणतात.

हा शब्द लांब आहे, पण कठीण नाही. 'आंतर' म्हणजे दरम्यानचा आणि 'तारकीय' म्हणजे ताऱ्यांचा. उर्दूतील 'बैनुल अक्वामी' हा शब्द तुम्हांला माहीत आहे. त्यात 'बैन' जे काम करतो, तेच काम मराठीत 'आंतर' करतो. म्हणून 'बैनुल अक्वामी'ला मराठीत 'आंतरराष्ट्रीय' म्हणतात. शाळाशाळांमधील सामने ते 'आंतरशालेय' सामने.

येथे एक काळजी घ्यावी. 'अंतर' म्हणजे फासला आणि 'अंतर्गत' म्हणजे आतील. देशांतर्गत व्यापार देशाच्या आत चालतो. आंतरराष्ट्रीय व्यापार देशादेशांत चालतो. शब्द थोडा बदलला, की अर्थ पूर्ण बदलतो.

विज्ञानातही असेच आहे. भारताचे मंगळयान २०१३ साली निघाले आणि २०१४ साली मंगळाभोवती फिरू लागले. ते एका ग्रहाकडून दुसऱ्या ग्रहाकडे गेले. म्हणून त्याचा प्रवास 'आंतरग्रहीय' होय. त्याला 'आंतरतारकीय' म्हणणे चूक ठरेल.

मग आंतरतारकीय अवकाशात कोणी पोचले आहे का? होय. अमेरिकेचे व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघाले. सूर्यापासून सतत कणांचा प्रवाह वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. २०१२ साली, सूर्यापासून सुमारे १८ अब्ज किलोमीटर अंतरावर, हे यान सौरवाऱ्याच्या सीमेपलीकडे गेले. मानवाने बनवलेली वस्तू प्रथमच आंतरतारकीय अवकाशात शिरली. २०१८ साली व्हॉयेजर-२ हेही तेथे पोचले. तरी ही याने दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचलेली नाहीत; ती ताऱ्यांच्या दरम्यान आहेत. 'आंतर' हा शब्द नेमके हेच सांगतो.

हे अवकाश अगदी रिकामे नसते. तेथे अतिशय विरळ वायू आणि धूळ असते. काही ठिकाणी त्यांचे प्रचंड ढग बनतात. त्या ढगांतूनच नवे तारे जन्माला येतात.

शब्दार्थ
अवकाश – खला
ग्रह – सय्यारा
अंतर – फासला
विरळ – दाट नसलेला

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'आंतर' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) व्हॉयेजर-१ आंतरतारकीय अवकाशात कोणत्या साली शिरले?
२. कारण लिहा.
मंगळयानाच्या प्रवासाला 'आंतरतारकीय' म्हणता येत नाही.
३. योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (अंतर, आंतरशालेय, देशांतर्गत)
(अ) आमच्या शाळेने ........ स्पर्धेत भाग घेतला.
(आ) घरापासून शाळेचे ........ दोन किलोमीटर आहे.
(इ) मुंबई ते नागपूर हा ........ विमानप्रवास आहे.